व्हीलचेअरवर असताना खांद्याचं ऑपरेशन: नंतरच्या रिहॅबची सोय कशी लावावी

पॅराप्लेजिक, म्हणजे कमरेखाली लुळ्या झालेल्या माणसाचा खांदा झिजतो तो वापरून वापरून. बेडवरून खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर, प्रत्येक वेळी अंगाचा भार हातांवरच. रोटेटर कफ (खांद्याभोवतीचे स्नायू) शिवल्यावर साधारण ६ आठवडे हात स्लिंगमध्ये राहतो, आणि त्या हातावर पूर्ण भार देऊन ट्रान्सफर (एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकणं) करायला अनेकदा ३ महिने जातात. तेवढे दिवस उठवायला, वळवायला, आंघोळीला माणूस लागणारच. त्यामुळे रिहॅब केंद्रातल्या मुक्कामाची सोय ऑपरेशनच्या निदान महिनाभर आधी लावा. डिस्चार्जच्या दिवशी शोधायला निघालात तर जिथे बेड रिकामा असेल तिथे जावं लागतं.

आधी सर्जनला गाठा आणि तीन गोष्टी लिहून घ्या: हातावर भार किती आठवडे नाही, कोणत्या हालचाली बंद, कोणत्या कुशीवर झोपायचं नाही. ‘जड उचलू नका’ एवढं वाक्य आपल्या कामाचं नाही. स्वतःचं अंगच उचलायचं असतं.

आता मुक्काम किती? सर्वसाधारण पद्धत म्हणजे ऑपरेशन झालं की लगेच सलग ३-४ आठवडे दाखल व्हायचं. पण त्या काळात खांद्याला फारसा व्यायाम नसतोच, थेरपीच्या नावाने पैसे मात्र जातात. बजेट बेताचं असेल तर मुक्काम दोन तुकड्यांत करा. पहिला ऑपरेशननंतर ७ ते १० दिवस: घरचा माणूस किंवा अटेंडंट लिफ्टर (झोळीत घालून पेशंटला उचलायचं यंत्र) चालवायला, वळवायला शिकेपर्यंत. दुसरा मुक्काम हातावर भार द्यायची परवानगी मिळाल्यावर. ट्रान्सफर नव्याने बसवायचं काम खरं तेव्हाच असतं. घरी माणूसच नसेल तर अर्थातच सलग राहा.

नेटवर ‘रिहॅब सेंटर’ टाकलं की व्यसनमुक्ती केंद्रंच बरीच येतात. फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, म्हणजे पीएमआर विभाग कुठे आहे ते विचारा. मुंबईत हाजी अलीला याच विषयाची केंद्र सरकारची संस्था १९५५ पासून आहे. काही सरकारी मेडिकल कॉलेजांतही हा विभाग असतो. खासगी शुश्रूषा केंद्रात देखभाल मिळते, पण थेरपिस्ट रोज येतो का, किती वेळ, रविवारी काय, रात्री डॉक्टर असतो का, हे लेखी घ्या.

‘व्हीलचेअर फ्रेंडली आहे’ या उत्तरावर विसंबू नका. बाथरूमच्या दारात टेप धरून व्हॉट्सॲपवर व्हिडिओ मागवा. दाराची रुंदी चौकटीपासून चौकटीपर्यंत नको, दार उघडं असताना मधे उरणारी मोजायला सांगा. ती ८० सेंमीच्या खाली असेल तर दुसरं केंद्र बघा. मग पेशंट लिफ्टर आहे का, किती किलोचा, त्याची झोळी तुमच्या मापाची आहे का. लिफ्टर नसेल तिथे वॉर्डातले मामा आणि मावशी सवयीने काखेत हात घालून उचलतात, आणि शिवलेला स्नायू नेमका त्यानेच तुटू शकतो. बेडच्या डोक्याशी मोठ्या अक्षरांत कागद लावा: ‘उजव्या काखेत हात घालू नये. हात धरून ओढू नये.’ बाजू अर्थातच तुमची.

खरा धोका बेडसोअरचा. ऑपरेशनची कूस बंद झाली की पाठ आणि एकच कूस उरते. खुर्चीत हातांवर अंग उचलून दाब काढणंही बंद, म्हणजे कुणीतरी पुढे किंवा बाजूला झुकवायला हवं, नाहीतर मागे झुकणारी खुर्ची हवी. बेडवर एअर मॅट्रेस असली तरी दर २ तासांनी वळवणं सुटत नाही. दाखल होताना माकडहाड, बैठकीची हाडं आणि टाचा यांचे तारखेसह फोटो काढून ठेवा. लाल डाग आधीचा की इथला, हा वाद मिटतो. स्वतःची खुर्ची आणि कुशन न्या, कुशनवर मार्करने नाव लिहा. वॉर्डच्या झोळीसारख्या सीटवर तासभरही बसू नका.

दर ४-६ तासांनी स्वतः कॅथेटर (लघवीची नळी) घालत असाल तर एका हाताने ते बहुतेकांना जमत नाही. नर्स घालणार, की काही आठवडे फोलीज (आतच राहणारी नळी) ठेवायची, हे डॉक्टरांशी आधी ठरवा. शौचाची वेळ आणि पद्धतही लिहून द्या. मणक्याची दुखापत टी-६ (छातीच्या भागातला सहावा मणका) किंवा वरची असेल तर रात्रपाळीसाठी वेगळा कागद: अचानक ठणकणारं डोकं, घाम, वाढलेलं बीपी दिसलं तर आधी सरळ बसवा, घट्ट कपडे सैल करा, कॅथेटरची नळी मुडपली का बघा, डॉक्टरांना लगेच बोलवा. नुसती डोकेदुखीची गोळी देऊन झोपवणं जिवावर बेतू शकतं.

पैशांचं आधी बघा. आरोग्य विम्याच्या बहुतेक पॉलिसींत ‘रेस्ट क्युअर, रिहॅबिलिटेशन अँड रेस्पाइट केअर’ हा वगळलेला खर्च असतो (अपवाद क्रमांक ०५). डिस्चार्जनंतरच्या ठरावीक दिवसांत डॉक्टरांनी लिहून दिलेली फिजिओथेरपी मात्र अनेकदा मिळते. टीपीएला (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेला) ईमेल करून उत्तर लेखीच मागा. केंद्राकडूनही दिवसाचा दर, डिपॉझिट, अटेंडंट, डायपर-ग्लोव्ह्जसारखा वेगळा लागणारा खर्च एका कागदावर घ्या.