वायफाय लागलंय, पण नेट नाही: सार्वजनिक हॉटस्पॉटवर या चुका टाळा

जळगावात लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान चालवायचं म्हणजे एक फोन ठरलेला. कुणी स्टेशनवर बसलेला असतो, कुणी बसस्टँडसमोरच्या कॅफेत, कुणी धुळ्याच्या लॉजवर. ‘भाऊ, वायफाय लागी गयं, पन नेट चाली नही राह्यनं.’ पुढचं वाक्यही ठरलेलं: ‘सगळं करून पाहिलं.’ सगळं म्हणजे तीनदा रीस्टार्ट.

लॉगिनचं पान न उघडताच नेटची वाट पाहणं

निम्म्याहून जास्त फोन याच एका चुकीचे. हॉटस्पॉटला जोडलं जाणं वेगळं आणि इंटरनेट मिळणं वेगळं. सार्वजनिक हॉटस्पॉट लॅपटॉपला आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) देतो आणि बाकीचे रस्ते बंद ठेवतो. ब्राउझरमध्ये काही मागितलं की तो मधेच अडवतो आणि आपलं लॉगिनचं पान पुढे करतो. तिथे मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकला की फाटक उघडतं.

पण असं अडवून दुसरं पान दाखवणं साध्या एचटीटीपी, म्हणजे कुलूप नसलेल्या पत्त्यावरच नीट जमतं. जीमेल, यूट्यूब, बँक हे सगळं आता एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूपबंद आहे. तिथे कुणी मधे शिरलं की ब्राउझर धोक्याचा इशारा देतो, नाहीतर पान नुसतं फिरत बसतं. विंडोज बहुतेक वेळा लॉगिनचं पान आपणहून उघडतं. नाही उघडलं तर मी ‘नेव्हरएसएसएल डॉट कॉम’ टाकतो. ही साइट मुद्दाम साधी, कुलूप नसलेली ठेवली आहे, ती याच कामासाठी. लॉगिनचं पान लगेच समोर येतं. लोक मात्र जीमेलच दहा वेळा रिफ्रेश करतात.

तरीही पान आलं नाही, तर लॅपटॉपमध्ये कुणीतरी हात घातलेला असतो. भुसावळ स्टेशनवर एकदा शेजारी एक कॉलेजचा मुलगा बसला होता. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस, आणि लॅपटॉप पुण्यातल्या चुलतभावाचा वापरलेला. नेट लागत नाही म्हणून त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला आणि त्यात सांगितलं तसा वायफायचा ड्रायव्हर (वायफायचा भाग चालवणारं सॉफ्टवेअर) काढून टाकला. ‘ड्रायव्हरच्या फाइलीही पुसा’ या चौकोनात टिक करून! आता वायफायचं चिन्हच गायब. ड्रायव्हर उतरवायचा तर नेट हवं आणि नेटसाठी ड्रायव्हर. मला म्हणाला, ‘काका, विंडोजच नवीन टाकू का?’ प्लॅटफॉर्मवर, चाळीस टक्के बॅटरीवर!

त्याचा फोन केबलने लॅपटॉपला लावला, यूएसबी टेदरिंग चालू करून फोनचं नेट लॅपटॉपला दिलं आणि ड्रायव्हर परत आणला. मग मूळ दुखणं शोधलं. चुलतभावाने डीएनएसच्या (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या) जागी गूगलचं ८.८.८.८ कायमचं लिहून ठेवलं होतं आणि ऑफिसचा व्हीपीएन (सगळं नेट ऑफिसच्या बंदिस्त वाटेने नेणारा प्रोग्राम) लॅपटॉप सुरू होताच आपोआप चालू होत होता. घरी हे दोन्ही चालतं. पण लॉगिन होईपर्यंत बाहेरचा डीएनएस अडवणारे हॉटस्पॉट पुष्कळ आहेत आणि व्हीपीएनला तर बाहेर पडायला रस्ताच नसतो. डीएनएस ‘ऑटोमॅटिक’ केला, व्हीपीएन बंद केला, आणि लॉगिनचं पान आलं. अर्ज गेला, त्याची गाडीही सुटली नाही. आधी सेटिंग पाहिली असती तर पाच मिनिटांचं काम होतं. व्हिडिओवाल्यांना लाइक मिळतात, निस्तरायला आम्ही.

ब्राउझरमधला ‘सिक्युअर डीएनएस’ही (हॉटस्पॉटला न विचारणारा, ब्राउझरचा स्वतःचा डीएनएस) कधीकधी असाच आडवा येतो. लॉगिनपुरता बंद करा, नंतर पुन्हा चालू करा. व्हीपीएनचंही तसंच: आधी लॉगिन, मग व्हीपीएन. तो कायमचा काढून टाकू नका.

ओटीपीवर चिडणं

‘फुकट वायफायला नंबर कशाला?’ २००८ साली अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळची ईमेल नवी मुंबईतल्या एका उघड्या वायफायवरून गेली होती. पुढच्याच वर्षी दूरसंचार विभागाने वायफाय वापरणाऱ्याची ओळख ठेवण्याच्या सूचना काढल्या. तेव्हा ज्या सिमला तिथे रेंज आहे, तोच नंबर टाका आणि एसएमएसला दोन मिनिटं द्या. घाईने चारदा ‘रीसेंड’ दाबलंत तर कुठला ओटीपी चालणार ते कळेनासं होतं.

धोक्याचा इशारा ओलांडून पुढे जाणं

ब्राउझर सांगतो, कनेक्शन सुरक्षित नाही. आपला माणूस ‘ॲडव्हान्स्ड’ दाबतो, ‘प्रोसीड’ दाबतो आणि बँकेचा पासवर्ड टाकतो. ही सवय मला अजिबात सहन होत नाही. लॉगिनच्या आधी इशारा आला तर बहुधा वर सांगितलेलंच कारण असतं. मागे फिरा, साधं एचटीटीपी पान उघडा. लॉगिन झाल्यावरही बँकेच्या पानावर इशारा येत असेल तर लॅपटॉप मिटा आणि मोबाइलच्या डेटावर काम करा. कॅफेच्या नावाचा हॉटस्पॉट शेजारच्या टेबलावरचा कुणीही आपल्या फोनवरून सुरू करू शकतो. यादीत दिसणारं नाव कुणी दिलंय, ते यादी सांगत नाही. काउंटरवर विचारायला लाजू नका.

प्रत्येकच साइटवर इशारा येतोय? मग आधी घड्याळ पाहा. जुन्या लॅपटॉपच्या मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला की तारीख काही वर्षं मागे जाते आणि ब्राउझरला साइटची ओळख पटवणारी चांगली प्रमाणपत्रंही खोटी वाटू लागतात. तारीख हाताने दुरुस्त करा, सेल सवडीने बदला.

बाकीच्या, थोडक्यात

आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होतोय? म्हणजे हॉटस्पॉटने पत्ता दिलेलाच नाही. वायफाय बंद-चालू करा, नाहीतर जागा बदला. मे महिन्यात सगळे पंख्याखाली जाऊन बसतात, पण वायफायचा डबा असतो दुसऱ्या टोकाला.

‘रँडम हार्डवेअर ॲड्रेस’ (लॅपटॉपची वायफायवरची ओळख बदलत ठेवणारी सेटिंग) चालू असेल तर काही ठिकाणी रोज नव्याने लॉगिन मागतात. रोज बसायच्या जागेपुरती ती बंद ठेवायला हरकत नाही.

नेटवर्क ‘प्रायव्हेट’ नको, ‘पब्लिक’च ठेवा. नाहीतर तुमच्या शेअर केलेल्या फोल्डरवर शेजाऱ्याची नजर पडू शकते.

‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करायला विसरू नका, म्हणजे विंडोज मोठी अपडेट बहुतेक थांबवून ठेवतं. रेल्वेच्या रेलटेल कंपनीने २०२१ मध्ये स्टेशनांवर पैसे भरून घ्यायचे प्लॅन आणले, तेव्हा मोफत ठेवला तो दिवसाचा पहिला अर्धा तास, तोही १ एमबीपीएस वेगाने. एवढ्यात विंडोजचं अपडेट सुरू झालं की तुमच्या अर्जाला काय उरणार?

आणि निघताना त्या नेटवर्कवर ‘फर्गेट’ करा. नाहीतर पुढच्या वेळी त्याच नावाचा कुठलाही हॉटस्पॉट दिसला की लॅपटॉप तुम्हाला न विचारता जाऊन चिकटेल.