फॉग लाइट बंद पडली? आधी अर्थची वायर तपासा

मोटारसायकलला वेगळ्या बसवलेल्या फॉग लाइट बंद पडल्या की बहुतेक जण थेट नव्या लाइटची किंमत विचारायला निघतात. वास्तविक एलईडी दिवा जळण्यापेक्षा त्याच्यापर्यंतचा प्रवाह वाटेत अडण्याचीच शक्यता जास्त असते. म्हणून प्रथम एक दिवा बंद आहे की दोन्ही, एवढेच पाहावे. एकच बंद असेल, तर फ्यूज, स्विच आणि रिले (स्विच दाबल्यावर दिव्यांचा प्रवाह जोडणारी छोटी डबी) दोन्ही दिव्यांना सामाईक असल्यामुळे त्यांच्या मागे लागू नये. चालू दिवा बंद बाजूच्या कपलरला, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगला, जोडून पाहिल्यास दोष दिव्यात आहे की वायरमध्ये, हे लगेच कळते.

दोन्ही बंद असतील तर गाडी शांत जागी उभी करून, इंजिन सुरू न करता चावी फिरवावी आणि रिलेवर बोट ठेवून लाइटचा स्विच दाबावा. रिलेतून ‘टक्’ असा आवाज आला, तर स्विचची बाजू ठीक आहे आणि दोष फ्यूज, रिलेतले संपर्क, दिव्यांचा प्रवाह नेणाऱ्या ३० व ८७ या रिलेच्या पिनांच्या वायरी किंवा अर्थ (प्रवाह बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी जोडणी) यांपैकी कशात तरी आहे. आवाज आला नाही, तर स्विचकडून रिलेला चालवणाऱ्या ८५ आणि ८६ या पिनांवर स्विच चालू असताना १२ व्होल्ट मिळतात का ते पाहावे. मिळत असूनही रिले गप्प असेल तर तो बदलावा, मिळत नसतील तर स्विच व त्याची वायर तपासावी.

फ्यूज नुसता डोळ्यांनी पाहून चांगला ठरवू नये. तो वारंवार उडत असेल, तर मोठा फ्यूज घालण्याचा मोह टाळावा, कारण २० वॅटचे दोन दिवे मिळून साधारण ३ अँपिअर घेतात आणि त्यांना ५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. तोही टिकत नसेल तर वायर कुठेतरी सोलून फ्रेमला टेकते आहे. ही जागा बहुधा हँडल फ्रेमला मिळते तिथे सापडते. दिवे लावून हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे; दिवे लुकलुकले तर त्याच पट्ट्यात वायर आतून तुटलेली समजावी.

अर्थचा दोष मात्र भल्याभल्यांना चकवतो. एका पावसाळ्यात ताम्हिणी घाटात माझे दोन्ही दिवे मंद होत होत विझले. एका गॅरेजमध्ये रिले बदलून घेतला, पण आठवड्यात पुन्हा तेच. कपलर काढून मल्टीमीटर लावला तर १२.४ व्होल्ट, म्हणजे सगळे छान! मग कपलर जोडून, दिवे चालू ठेवून, दिव्याची काळी वायर आणि बॅटरीचे निगेटिव्ह टोक यांच्यामध्ये मोजले, तेव्हा तिथे जवळजवळ ५ व्होल्ट वाया जात होते. निरोगी जोडणीत हा आकडा ०.२ च्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. अर्थची थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) रंगवलेल्या फ्रेमवर बोल्टखाली दाबलेली होती आणि तिच्यावर हिरवट थर चढला होता. प्रवाह वाहत नसताना असा सांधा काहीच अडवत नाही, म्हणून नुसत्या कपलरवरचे माप फसवे ठरते. इंडिकेटरच्या जुन्या २१ वॅटच्या बल्बला दोन वायरी डकवून केलेला टेस्ट लॅम्प प्रत्यक्ष प्रवाह ओढतो, म्हणून तो मला मल्टीमीटरपेक्षा अधिक भरवशाचा वाटतो.

उपाय सोपा आहे. बॅटरीचे निगेटिव्ह टोक आधी सोडवावे, काळवंडलेली वायर चकचकीत तांबे दिसेपर्यंत कापावी, नवी थिंबल बसवावी आणि अर्थ फ्रेमऐवजी थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर न्यावा.

सगळे ठीक असूनही दिवे पुन्हा पुन्हा जळत असतील, तर इंजिनचा वेग वाढवून बॅटरीवर व्होल्टेज मोजावे. १४ च्या आसपास असणे योग्य. १५ च्या वर जात असेल तर दोष दिव्यांचा नसून रेग्युलेटरचा, म्हणजे चार्जिंगचे व्होल्टेज आवरणाऱ्या भागाचा आहे, आणि तो बदलेपर्यंत नवे दिवे जोडू नयेत.