भाड्यातून हप्ता निघेल, या भरवशावर फ्लॅट घेणाऱ्यांसाठी

2019 मध्ये पुण्यात वारज्याला मी गुंतवणूक म्हणून दुसरा फ्लॅट घेतला. किंमत 62 लाख, त्यात कर्ज 48 लाख. "भाड्यातूनच हप्ता निघेल," असं एजंट म्हणाला आणि आम्ही मान डोलावली. प्रत्यक्षात हप्ता पडला 41 हजारांच्या वर आणि भाडं ठरलं 19 हजार.

फ्लॅट बघायला जाण्याआधी हा हिशेब मांडा. वर्षाचं भाडं 2 लाख 28 हजार. त्यातून एक महिना घर रिकामं राहिलं म्हणून 19 हजार वजा, दलालीचे तेवढेच, मेंटेनन्सचे 36 हजार आणि मालमत्ता कर. हातात 1 लाख 40 हजारही उरत नाहीत, म्हणजे किमतीच्या सव्वादोन टक्क्यांहून कमी. शिवाय पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्याला करात 40 टक्के सवलत देते, ती भाड्याच्या घराला नाही.

पण खरा फटका मला कागदाने दिला. पहिला भाडेकरू ओळखीतून आला होता, म्हणून शंभराच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून भागवलं. आठव्या महिन्यापासून भाडं थांबलं. विचारायला गेलो तर तो म्हणाला, "काका, डिपॉझिट मी 40 नाही, 80 हजार दिलं होतं." 40 हजारांतली निम्मी रक्कम मी रोख घेतलेली आणि पावती दिलेली नव्हती. वकिलांनी समोर कायदाच उघडला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 55: करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच खरं धरलं जातं, खोटं ठरवायचं ते आपण. वर घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शेवटी थकलेलं भाडं सोडलं, वर पैसे देऊन चावी परत घेतली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीचा भाडेकरार, ऑनलाइन नोंदवतो. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1 हजार रुपये, मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का (परत करायच्या डिपॉझिटवरचं 10 टक्के व्याज त्यात धरतात). नोंदलेल्या कराराची मुदत संपूनही कुणी घर सोडलं नाही, तर त्याच कायद्याच्या कलम 24 प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे) जाता येतं आणि दुप्पट भाडं मागता येतं. पोलिस पडताळणी ओळखीच्या माणसाचीही करा, त्यात संकोच नको.

सोसायटीने भाडेकरू ठेवल्याचा बिनभोगवटा आकार लावला तर बिल नीट बघा. तो सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नसतो.

आणि चावी देण्याआधी भाडेकरूला सोबत घेऊन घरभर फिरा. सिंकखालचा पाइप, बाथरूमची ओल, गीझर, पंख्यांची संख्या, सगळ्याचे फोटो काढून त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि "बरोबर आहे" एवढं उत्तर मागा. मी हे गेली चार वर्षं करतो आहे. तेव्हापासून डिपॉझिट परत करताना एकदाही आवाज चढलेला नाही.