परीकथांच्या चित्रपटांवर लिहिताय? या चुका टाळा

परीकथांवरच्या चित्रपटांत बायका कशा दाखवल्यात, कोणाला खलनायक केलंय, यावरचे विद्यार्थ्यांचे प्रकल्प मी बरीच वर्षं वाचते आहे. मुलं हे चित्रपट पुन्हा पुन्हा बघतात, म्हणून हा विषय मला फार मोलाचा वाटतो. आणि म्हणूनच त्याच त्या चुका दिसल्या की चीड येते.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे चित्रपटातली गोष्ट मूळ कथेच्या माथी मारणं. एका चर्चेत एका वक्त्याचं अख्खं भाषण ‘निपचित पडलेल्या हिमगौरीचं चुंबन घेणारा राजपुत्र म्हणजे ग्रिम बंधूंची पुरुषी नजर’ या मुद्द्यावर उभं होतं. (ग्रिम बंधू म्हणजे एकोणिसाव्या शतकात लोककथा गोळा करून छापणारे दोन जर्मन भाऊ.) श्रोत्यांतल्या एकीने विचारलं, “हे चुंबन ग्रिमच्या कुठल्या आवृत्तीत आहे?” वक्ता गप्प. कुठल्याच आवृत्तीत नाही! चुंबनाने जाग येणं 1937 च्या डिस्नेपटातलं. ग्रिमच्या नंतरच्या आवृत्त्यांत शवपेटी नेणारे नोकर अडखळतात आणि त्या धक्क्याने विषारी सफरचंदाचा तुकडा घशातून बाहेर पडतो. टीकाच करायची होती तर मूळ कथेत तिला जागा होती: राजपुत्र बुटक्यांकडे मेलेल्या मुलीची पेटी मागतो, एखादी वस्तू मागावी तशी. शिवाय 1812 च्या पहिल्या आवृत्तीत जिवावर उठलेली बाई सख्खी आई आहे. 1819 मध्ये ग्रिमनी तिला सावत्र केलं. ‘आई’बद्दलच्या समजुतींवर यावरच केवढं लिहिता आलं असतं! पण त्यासाठी पुस्तक उघडावं लागतं, आणि तेवढा धीर कोणाला नसतो.

मी पानाचे दोन भाग करते. डावीकडे कथा, आवृत्तीच्या सालासकट, उजवीकडे चित्रपट. दोन्ही भरल्याशिवाय मत लिहीत नाही.

दुसरी चूक: ‘जुनी नायिका दुबळी, नवी खंबीर’ असा सरळ चढता आलेख काढणं. कॅरन आयझेनहावर आणि कारमेन फॉट या भाषाअभ्यासकांनी 2016 मध्ये डिस्नेच्या राजकन्यांच्या चित्रपटांतले संवाद मोजले. 1950 च्या ‘सिंड्रेला’त सुमारे 60 टक्के संवाद बायकांचे निघाले. बंडखोर म्हणून नावाजलेल्या जलपरीच्या 1989 च्या चित्रपटात 68 टक्के पुरुषांचे, तर 1992 च्या ‘अल्लादीन’मध्ये तब्बल 90 टक्के. मात्र नुसते आकडे चिकटवून मोकळे होऊ नका. 1959 च्या ‘स्लीपिंग ब्यूटी’त बायकांचा वाटा 71 टक्के आहे, पण बोलतात मुख्यतः पऱ्या आणि शाप देणारी दुष्ट मेलफिसंट, नायिका स्वतः फारच थोडं बोलते.

‘अल्लादीन’वर लिहिताना व्हिडिओ आवृत्तीच बघून थांबू नका: अरब-अमेरिकी संघटनेच्या निषेधानंतर 1993 मध्ये व्हिडिओसाठी सुरुवातीच्या गाण्यातली ‘चेहरा आवडला नाही तर कान कापतात’ अशा अर्थाची ओळ बदलली गेली.

आणि डिस्ने म्हणजेच परीकथा नव्हे. चेकोस्लोव्हाकिया आणि पूर्व जर्मनी यांनी मिळून काढलेल्या 1973 च्या चित्रपटातली सिंड्रेला घोडा दौडवते, नेम धरते आणि राजपुत्राला कोडं घालते. तो बघा, मग ‘सिंड्रेला नेहमीच असहाय असते’ हे वाक्य लिहायचं की नाही ते ठरवा.