रात्री अकराच्या नूडल्स, कमी कॅलरीत आणि खिशाला परवडतील अशा

धुळ्याला रूमवर राहून अभ्यास करतोय, रात्री अकराला नूडल्स लागतातच, आणि दोन वर्षांत वजन नऊ किलोनं वाढलं तेव्हा शोधायला लागलो की याच्यात कमी कॅलरीवालं काही मिळतं का. जे कामाचं निघालं ते सांगतो.

आधी पाकीट उलटं करा. पुढे आटा, ओट्स, मिलेट काहीही छापलेलं असू द्या, मागे १०० ग्रॅमचा आकडा बघायचा, 'पर सर्व्ह'चा नाही, कारण सर्व्ह केवढी ते कंपनीच ठरवते. साध्या इन्स्टंट नूडल्सचं ७० ग्रॅमचं पाकीट ३०० कॅलरीच्या आसपास जातं, आट्याच्या घेतल्या तरी फार फरक नाही, कारण त्याही बहुतेक तेलात तळूनच वाळवलेल्या असतात. फॅटच्या रकान्यात १३ ते १७ ग्रॅम दिसलं की तळलेल्या समजा, हवेवर वाळवलेल्यांत तोच आकडा बराच खाली असतो. राइस नूडल्स हलक्या असतात म्हणतात ना, कोरड्या वजनावर १०० ग्रॅमला त्याही ३५० च्या घरातच, आणि शेवयापण.

खरंच कमी कॅलरीच्या म्हणजे कोंजॅक, यांनाच शिराताकी म्हणतात. १०० ग्रॅमला १० कॅलरीच्या आसपास, कारण जवळजवळ ९७ टक्के पाणी आणि बाकी ग्लुकोमॅनन नावाचा फायबर. कोंजॅक हा कंद आहे, आपल्या सुरणाचा भाऊबंद, पण म्हणून सुरणाच्या नूडल्स पाडायला जाऊ नका, सुरणात स्टार्च असतो. मला इथं दुकानात सापडल्या नाहीत, ऑनलाइन मागवल्या, एका वेळच्या खाण्याला दीड-दोनशे रुपये गेले. पाकीट फोडलं की मासळीसारखा वास येतो, माल खराब नसतो, चाळणीत घेऊन नळाखाली चांगल्या धुवा, दोन-तीन मिनिटं उकळा आणि मग कोरड्या तव्यावर तेल न टाकता पाणी आटेपर्यंत परता. हे परतणं चुकवलं की रबर चावल्यासारखं लागतं. नीट चावून खायच्या, आणि शुगरच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

महिन्यातून एकदा ठीक आहे, रोज कोण घेणार भो. म्हणून दुधी. १०० ग्रॅमला १५ च्या आसपास कॅलरी, आणि बाजार उठता उठता गेलं तर पडेल भावात मिळतो. कोवळा, सरळ, नख सहज रुतेल असा घ्या. चिरण्याआधी एक बारीक तुकडा चाखायचा, हे विसरू नका, कडू लागला तर अख्खा फेकून द्या, कडू दुधीनं उलट्या-जुलाब होऊन लोक दवाखान्यात ॲडमिट झालेत, मसाला टाकून कडूपणा दाबायच्या भानगडीत पडू नका. मग दातेरी सोलणीनं लांब लांब पट्ट्या काढायच्या, बियांपाशी आलं की थांबायचं. मी पहिल्यांदा या पट्ट्या नूडल्ससारख्या उकळल्या, पातेल्यात पांढरा लगदा झाला आणि रूम पार्टनरनं विचारलं कोण आजारी आहे. उकळायच्या नाहीतच. थोडं मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, घट्ट पिळा, कढई कडक तापवून मोठ्या गॅसवर दोन मिनिटं, झाकण नाही. मीठ आधीच लागलेलं असतं म्हणून मसाल्याची पुडी अर्धीच.

पत्ताकोबी लांब बारीक चिरली तर तीही चालते, २५ कॅलरी, कुरकुरीत राहते, हिवाळ्यात स्वस्त. गिलके मात्र नको, पाणी सुटून सगळं बसतं.

आमचं गाव रावेरकडचं, तिथं घड कापला की केळीचं खोड तसंच पडून राहतं. वरची सालपटं काढत गेलं की आत पांढरा गाभा निघतो, त्याच्या चकत्या करायच्या, निघणारे धागे बोटावर गुंडाळून काढून टाकायचे, पट्ट्या कापून ताकाच्या पाण्यात टाकायच्या नाहीतर काळ्या पडतात, आणि मऊ होईपर्यंत शिजवायच्या. आई म्हणाली, "काय रे, ढोरांचं खाशीन का आता?" नंतर तिनंच काळा मसाला लावून भाजी केली. वेळ खूप खातं हे काम, सुट्टीतच जमतं.

रोजचा माझा हिशोब असा: अर्धं पाकीट नूडल्स १५०, दुधी २०० ग्रॅमच्या ३०, एक चमचा तेल ४०-४५. सव्वादोनशेत ताट भरतं, आणि खऱ्या नूडल्स मध्ये मध्ये लागत असल्यामुळे फसवल्यासारखं वाटत नाही. पूर्ण दुधीच्या करून बघितल्या, बारा वाजता परत भूक.

एकच लोचा आहे, आपल्याला कशावरही शेव लागते. मूठभर म्हणजे ३० ग्रॅम धरली तरी दीडशेच्या वर कॅलरी, म्हणजे वाचवलेलं सगळं परत. माझी शेवेची बरणी सध्या पार्टनरच्या कपाटात आहे, चावीसकट.