क्युबाचे राजकारण आणि साहित्य गावच्या वाचनालयात कसे वाचावे

गावातील 'ड' वर्गाच्या वाचनालयात आठ-दहा वाचक नियमाने जमत असतील, तर क्युबासारख्या दूरच्या देशाचे राजकारण आणि साहित्य एकत्र अभ्यासणे अवघड नाही. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या वाचनालयात हा उपक्रम चालतो आणि आजूबाजूच्या गावांतून त्याविषयी विचारणा होत असते, म्हणून त्याची रीत येथे सविस्तर लिहीत आहे. सहा दशकांहून अधिक काळ अमेरिकेची व्यापारबंदी सोसणारा आणि एकाच कम्युनिस्ट पक्षाच्या सत्तेखाली असलेला हा देश समजून घेताना एक गोष्ट आरंभीच ठरवून घ्यावी. बाहेरून लादलेली व्यापारबंदी आणि आतून लादलेली लेखनबंदी ही दोन वेगळी ओझी आहेत; क्युबाच्या लेखकांनी ती दोन्ही एकाच वेळी वाहिली आहेत, आणि एकाचा हिशेब दुसऱ्याच्या खात्यावर मांडता येत नाही.

बैठकांचा काळ शेतीची कामे पाहून ठरवावा. कापसाची शेवटची वेचणी आटोपून पऱ्हाट्या उपटल्या गेल्या की मृगापर्यंत संध्याकाळी लोकांना सवड असते. लग्नसराईतले आठवडे तेवढे सोडून द्यावेत. एक जाड वही घ्यावी आणि तिच्यात तीन रकाने आखावेत: पहिल्यात वर्ष, दुसऱ्यात त्या वर्षी देशात काय घडले, आणि तिसऱ्यात कोणते पुस्तक कोठे छापले गेले. छापल्याचे गाव लिहिण्याचा कंटाळा करू नये. पुस्तक हवानात निघाले, मेक्सिकोत निघाले की बार्सिलोनात, एवढ्यावरूनच त्या लेखकाचे सरकारशी त्या वेळी काय चालले होते याचा निम्मा अंदाज येतो.

वाचन मराठीतून सुरू करायचे असेल, तर अरुण साधू यांचे 'फिडेल, चे आणि क्रांती' हाताशी ठेवावे. साधू आपल्याच अमरावती जिल्ह्यातले, हे कळल्यावर वाचकांची उत्सुकता वाढते असा आमचा अनुभव आहे. पुढचे बरेचसे साहित्य मात्र इंग्रजीतून वाचावे लागते. त्यासाठी इंग्रजी चांगली असलेल्या एकाने आठवडाभर आधी प्रकरण वाचून यावे आणि बैठकीत ते वऱ्हाडीतून सांगावे. पुस्तकी मराठीत सांगितले तर लोक नुसते ऐकून घेतात. वऱ्हाडीत सांगितले की मध्येच थांबवून विचारतात.

इतिहासाला एक बैठक पुरते. १८९८ मध्ये स्पेनची सत्ता संपली, पण लगेच अमेरिकेचा वरचष्मा सुरू झाला. १० मार्च १९५२ रोजी बातिस्ताने लष्करी उठाव करून सत्ता बळकावली. २६ जुलै १९५३ रोजी फिडेल कॅस्ट्रो आणि सहकाऱ्यांनी मोन्काडा छावणीवर केलेला हल्ला फसला. आणि १ जानेवारी १९५९ रोजी बातिस्ता देश सोडून पळाला व फिडेल यांची क्रांती यशस्वी झाली. येथवर भरभर जावे. थांबायचे ते मे १९५९ च्या जमीन सुधारणा कायद्यापाशी, कारण आपल्या श्रोत्यांना कोणत्याही भाषणापेक्षा हा कायदा लवकर कळतो. त्या कायद्याने जमीनधारणेची मर्यादा सुमारे ४०२ हेक्टर, म्हणजे जवळजवळ हजार एकर ठेवली होती. १९६३ मध्ये ती ६७ हेक्टरांवर आणली गेली. महाराष्ट्रात कोरडवाहू जमिनीची कमाल मर्यादा ५४ एकर आहे, हे येथे अवश्य सांगावे. क्युबाचा पहिला कायदा आपल्या कायद्यापेक्षा कितीतरी सैल होता आणि तरीही अमेरिकेशी वैर ओढवले, ते कशामुळे, असा प्रश्न कोणीतरी विचारतोच. उत्तर असे की तेथील उत्तमोत्तम ऊसजमिनी अमेरिकी साखर कंपन्यांच्या होत्या.

त्यातूनच व्यापारबंदीचा विषय निघतो, आणि त्याला स्वतंत्र बैठक द्यावी. जुलै १९६० मध्ये अमेरिकेने क्युबाच्या साखरेचा कोटा कापला. क्युबाने अमेरिकी मालमत्ता सरकारजमा केल्या. ऑक्टोबरात अमेरिकेने बहुतेक निर्यात थांबवली. आणि फेब्रुवारी १९६२ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या घोषणेने जवळजवळ संपूर्ण व्यापारबंदी लागू झाली. १९९२ च्या कायद्याने अमेरिकी कंपन्यांच्या परदेशांतील उपकंपन्यांनाही क्युबाशी व्यापार करण्यास मनाई केली, आणि व्यापारासाठी क्युबाच्या बंदरात गेलेल्या जहाजाला १८० दिवस अमेरिकेच्या बंदरात येता येणार नाही अशी अट घातली. १९९६ च्या कायद्याने ही बंदी उठवण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांच्या हातून मुख्यतः अमेरिकी संसदेकडे गेला. २००० पासून अमेरिकेतून धान्य विकत घेता येते, परंतु पैसे आगाऊ भरावे लागतात. पेरणीच्या तोंडावर उधारीवर बियाणे घेणाऱ्याला या एका अटीचे वजन वेगळे समजावून सांगावे लागत नाही. १९९२ पासून संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ही बंदी उठवण्याचा ठराव जवळजवळ दरवर्षी प्रचंड बहुमताने मंजूर होतो. २०२३ मध्ये १८७ देशांनी त्याच्या बाजूने मत दिले आणि विरोधात केवळ अमेरिका व इस्रायल होते.

वाचकांचा येथे एक गैरसमज होतो, तो दूर करावा. व्यापारबंदीमुळे क्युबाची पुस्तके अमेरिकेत जाऊच शकत नव्हती असे नाही. १९८८ च्या दुरुस्तीने पुस्तके व तत्सम साहित्य निर्बंधांतून वगळले गेले. साहित्याला फटका बसला तो कागद, शाई, छपाई यंत्रांचे सुटे भाग आणि इंधन यांच्या मार्गाने. उलट, एखादे पुस्तक हवानात छापायचे नाही, हा निर्णय हवानातच होत असे. वहीत या दोन गोष्टी एकाच ओळीत लिहू नयेत.

आता प्रत्यक्ष साहित्याकडे. ते मोठ्याने वाचावे, असा माझा आग्रह आहे, आणि त्याला क्युबाचाच आधार आहे. १८६५ च्या अखेरीस हवानातील एका चिरूट कारखान्यात कामगारांसाठी वाचक नेमण्याची प्रथा सुरू झाली. तंबाखूची पाने वळणारे कामगार रांगांनी बसत, आणि उंच चौथऱ्यावरच्या खुर्चीत बसून एक जण त्यांना आधी वर्तमानपत्र आणि नंतर कादंबरी वाचून दाखवी. त्याचा पगार कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून देत आणि पुढची कादंबरी कोणती हे मतदानाने ठरवत. स्पेनच्या सरकारने काही महिन्यांतच या वाचनावर बंदी आणली, पण प्रथा टिकली, आणि क्रांतीनंतरही टिकली. मोंतेक्रिस्तो आणि रोमिओ वाय हुलिएता या चिरुटांची नावे पुस्तकांतून आलेली आहेत. भंडारा-गोंदियाकडे ज्यांनी बिड्या वळणाऱ्या बायांना एका ओळीत सूप मांडीवर घेऊन बसलेले पाहिले आहे, त्यांच्या डोळ्यांपुढे हा कारखाना सहज उभा राहतो. आपल्या गावांत पोथी आणि ग्रामगीता सामूहिक रीतीने वाचली जातेच. त्यामुळे वाचणारा आवाज शोधण्यास अडचण येत नाही.

पहिला लेखक होसे मार्ती घ्यावा. जन्म १८५३, मृत्यू १८९५ मध्ये दोस रियोस येथे, स्पेनविरुद्धच्या लढाईत. १८९१ मध्ये त्याच्या साध्या ओव्यांसारख्या कवितांचा संग्रह आणि 'आपली अमेरिका' हा निबंध प्रसिद्ध झाला. निबंध अवघड आहे. दोन पाने वाचून थांबले तरी चालेल. त्याच्याविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाऊ नये: हवानाच्या विमानतळाला मार्तीचे नाव आहे, आणि क्युबाच्या सरकारविरुद्ध अमेरिकेने १९८५ मध्ये सुरू केलेल्या रेडिओ केंद्रालाही मार्तीचेच नाव आहे. त्यानंतर निकोलास गियेन. त्याचा १९३० चा पहिला गाजलेला कवितासमूह हवानातील गरीब कृष्णवर्णीयांच्या बोलीत आणि 'सोन' या गाण्याच्या ठेक्यात लिहिलेला आहे. या कवितांचे वऱ्हाडी रूपांतर करून पाहावे आणि टाळीवर म्हणावे; प्रमाण मराठीत त्या निर्जीव होतात. आलेहो कार्पेंतिएरची हैतीवरील १९४९ ची छोटी कादंबरी आवडीने वाचली जाते, पण अभ्यासाच्या दृष्टीने ती मागे ठेवली तरी बिघडत नाही.

१९६१ हे वर्ष वहीत पूर्ण पानभर लिहावे. त्या वर्षी सुमारे १ लाख विद्यार्थी कंदील आणि बाराखडीचे पुस्तक घेऊन खेड्यापाड्यांत गेले, शेतकऱ्यांच्या घरी राहिले, दिवसा त्यांच्याबरोबर शेतात राबले आणि रात्री शिकवले. वर्षअखेरीस सुमारे ७ लाख प्रौढ साक्षर झाले. त्याच्या आदल्याच वर्षी नव्या राष्ट्रीय मुद्रणालयाने पहिले पुस्तक म्हणून 'डॉन किहोते' चार भागांत १ लाख प्रतींनी काढले, आणि एका भागाची किंमत २५ सेंतावो ठेवली. ज्या सत्तेने अक्षरे आणि पुस्तके घराघरांत नेली, तिच्याविषयी आदर वाटणे स्वाभाविक आहे आणि मला तो वाटतो. परंतु त्याच १९६१ च्या जून महिन्यात राष्ट्रीय ग्रंथालयात लेखक-कलावंतांपुढे बोलताना फिडेल म्हणाले, "क्रांतीच्या आत सर्व काही, क्रांतीच्या विरुद्ध काहीही नाही." आत कोण आणि विरुद्ध कोण हे ठरवणार कोण, हा प्रश्न त्या वाक्यात अनुत्तरित राहिला. बैठकीत हे वाक्य फळ्यावर लिहून ठेवावे, कारण पुढची तीन दशके त्याच्याच अर्थावरून माणसे आत-बाहेर होत राहिली.

त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण एबेर्तो पादिया. त्याच्यासाठी दोन संध्याकाळी राखून ठेवाव्यात. १९६८ मध्ये त्याच्या कवितासंग्रहाला लेखक संघाच्या परीक्षकांनी पारितोषिक दिले. संघाने पुस्तक छापले, पण आपण त्याच्याशी सहमत नसल्याचे निवेदन त्याच पुस्तकात जोडले. मार्च १९७१ मध्ये पादियाला अटक झाली. महिनाभराहून अधिक काळ कोठडीत ठेवल्यावर २७ एप्रिलला त्याला लेखक संघाच्या सभेत उभे करण्यात आले, आणि आपण क्रांतीचे अपराधी आहोत असे त्याने सर्वांसमक्ष कबूल केले; पत्नी आणि मित्रांचीही नावे घेतली. तोवर क्युबाच्या बाजूने बोलणाऱ्या सार्त्र, सिमोन द बोव्हुआर, व्हार्गास योसा यांच्यासारख्या लेखकांनी जाहीर निषेध केला. आता वहीचा दुसरा रकाना पाहावा: १९७० मध्ये १ कोटी टन साखरेचे लक्ष्य ठेवून सारा देश ऊसतोडणीला जुंपला गेला, उत्पादन सुमारे ८५ लाख टनांवर थांबले, इतर उद्योग विस्कटले, आणि १९७२ मध्ये क्युबा सोव्हिएत गटाच्या आर्थिक संघटनेत सामील झाला. पीक हुकले, एकाच गिऱ्हाइकावरचे अवलंबित्व वाढले, आणि त्याच सुमारास कवीचे तोंड बंद झाले. ज्यांनी कापूस एकाधिकार खरेदीच्या काळात एकाच खरेदीदाराकडे माल घालून चुकाऱ्याची वाट पाहिली, त्यांच्याकडून या संगतीवर फार मार्मिक बोलणे ऐकायला मिळते. तरीही पादियाच्या कबुलीजबाबाला व्यापारबंदी कारण आहे असे कोणी म्हटले, तर तेथे थांबून पुरावा मागावा.

यानंतर देश सोडून गेलेल्यांकडे वळावे. गियेर्मो काब्रेरा इन्फान्ते लंडनला स्थायिक झाला. रेइनाल्दो आरेनास हा खेड्यातल्या गरिबीत वाढलेला मुलगा क्रांतीनेच शिकवला, पण त्याचे क्युबात एकच पुस्तक छापले गेले; पुढची हस्तलिखिते चोरून परदेशी पाठवावी लागली. समलिंगी असल्यामुळे आणि लिहिल्यामुळे त्याचा छळ झाला, तुरुंगवास झाला, आणि १९८० मध्ये मारिएल बंदरातून निघालेल्या हजारोंबरोबर तो बाहेर पडला. त्याचे आत्मचरित्र बैठकीत सरसकट मोठ्याने वाचण्याजोगे नाही. ज्याला वाचायचे त्याने घरी न्यावे आणि बालपणाचे प्रकरण तेवढे सर्वांना सांगावे. दुल्से मारिया लोयनास मात्र देशातच राहिली, गप्प राहिली, आणि १९९२ मध्ये तिला स्पॅनिश भाषेचा सर्वोच्च असा सर्वांतेस पुरस्कार मिळाला. राहणारे सारे सरकारी आणि जाणारे सारे देशद्रोही, ही मांडणी तिच्यापाशी मोडते.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळल्यावरचा काळ शेतकरी वाचकांनी समजावून द्यावा, आणि बाकीच्यांनी ऐकावे. १९८९ ते १९९३ या काळात देशाचे उत्पन्न जवळजवळ एक तृतीयांशाने घटले, डिझेलअभावी ट्रॅक्टर उभे राहिले, बैलजोड्या पुन्हा नांगराला लागल्या, रासायनिक खतांशिवाय भाजीपाला शहरांच्या मोकळ्या जागांत पिकू लागला. कागद इतका आटला की कम्युनिस्ट पक्षाचे मुखपत्र ग्रान्मा वगळता प्रमुख दैनिके साप्ताहिक झाली. याच काळात मातान्सास शहरातील विहिया या छोट्या प्रकाशनाचे महत्त्व वाढले. ते १९८५ मध्ये सुरू झाले होते. खाकी कागद, कापडाच्या चिंध्या, दोरा, वाळकी पाने असे हाताशी येईल ते चिकटवून, चित्रे हाताने रंगवून, एकेका पुस्तकाच्या साधारण २०० प्रती तेथे तयार होतात. त्यांची छायाचित्रे मोबाइलवर सहज मिळतात. ती शाळेच्या मुलांना दाखवावीत आणि वाचनालयाच्या टिपणांची एक पुस्तिका त्याच पद्धतीने करवून घ्यावी.

बैठकीत वाद होतील. डाव्या चळवळीत आयुष्य घालवलेले एखादे काका क्युबावरची टीका मनाला लावून घेतात, आणि तरुण मुले ११ जुलै २०२१ ची क्युबातील सरकारविरोधी निदर्शने व त्यानंतरच्या तुरुंगवासाच्या शिक्षा पुढे करतात. अशा वेळी बोलणाऱ्याने वहीतील ओळ दाखवून बोलावे, एवढा एकच नियम ठेवावा. काकांनाही आणि मुलांनाही.

शेवटची दोन-तीन सत्रे लेओनार्दो पादुराला द्यावीत. तो आजही हवानाच्या मांतिया या वस्तीत राहतो आणि व्यवस्थेविषयी कठोर लिहितो. स्टालिनचा विरोधक ठरलेला रशियन क्रांतिकारक ट्रॉट्स्की याच्या खुन्यावरची त्याची २००९ ची कादंबरी जाडजूड आहे आणि ती तीन धाग्यांनी चालते: ट्रॉट्स्की, त्याचा खुनी, आणि हवानातील इव्हान नावाचा अयशस्वी लेखक. मृग जवळ आला असेल, तर पहिले दोन धागे गोष्टीरूपाने सांगून टाकावेत आणि इव्हानची प्रकरणे तेवढी वाचावीत. सत्तरीच्या दशकातील लेखकाची भीती आणि नव्वदीतील घराघरांतील उपासमार या दोन्ही गोष्टी त्यांत एकाच माणसाच्या आयुष्यात सापडतात. वहीच्या तिसऱ्या रकान्यात आधी बार्सिलोना लिहावे, आणि त्याच्याच पुढे हवानाही लिहावे, कारण ही कादंबरी नंतर क्युबातही छापली गेली.