विद्यापीठाचं विकिपीडिया पान सुधारायचंय? आधी विशेषणं उपटा

माझी पहिली एडिट अकरा मिनिटं जगली. ज्या विद्यापीठात शिकलो त्याचं पान अगदीच दोन ओळींचं होतं, म्हटलं हे काय, म्हणून एका रात्री बसून विद्यापीठाच्याच वेबसाइटवरनं चांगले सहा परिच्छेद उचलले, "अग्रगण्य", "गौरवशाली परंपरा", "जागतिक दर्जाच्या सुविधा" सगळं होतं त्यात, सेव्ह केलं, जरा उठून आलो आणि रिफ्रेश करून बघतो तर पान परत दोन ओळींचं. बदल सारांशात, म्हणजे प्रत्येक बदलासोबत लिहायच्या छोट्या टिपेत, कुणीतरी एवढंच लिहून गेलं होतं, "जाहिरात, कॉपीपेस्ट, उलटवले", म्हणजे माझा बदल रद्द. भयंकर राग आला तेव्हा. आता मीच लोकांचे असले परिच्छेद उलटवत असतो आणि समोरच्याला किती राग येत असेल ते पक्कं ठाऊक असतं, म्हणून हे लिहितोय.

पहिलं काम म्हणजे संपादनाचं बटण दाबायचं नाही. आधी पानाचा इतिहास उघडा. कोणी काय टाकलं, काय उडालं, कशावरून वाद झाला ते सगळं तिथे तारखेनिशी असतं. मग त्या पानाला जोडलेलं चर्चा पान बघा, बऱ्याचदा तुम्हाला जी दुरुस्ती सुचलीये ती आधीच कुणीतरी मांडलेली असते आणि ती का घेतली नाही तेही तिथेच असतं. दहा मिनिटं जातात यात, पण नंतरची कटकट वाचते.

खातं स्वतःच्या नावाने किंवा टोपणनावाने काढा, विद्यापीठाच्या नावाने नाही. "अमुकविद्यापीठऑफिशियल" असलं नाव दिसलं की लोक आधीच भुवया वर करून बसतात, आणि एक खातं चार जणांनी मिळून वापरणं तर चालतच नाही. आता नाजूक मुद्दा. तुम्ही तिथे नोकरीला असाल, जनसंपर्क विभागात असाल, किंवा कुणी पैसे देऊन हे काम सांगितलं असेल तर ते उघड सांगावं लागतं, २०१४ पासून विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेच्या वापराच्या अटींमध्येच तसं लिहिलंय. सदस्य पानावर (तुमच्या खात्याच्या स्वतःच्या पानावर) एक ओळ टाकली तरी पुरते. आणि अशा वेळी थेट पानात हात घालण्यापेक्षा चर्चा पानावर नेमकं लिहा: ही ओळ चुकीची आहे, तिच्या जागी ही ओळ हवी, संदर्भ हा. नुसतं "आमचं पान अपडेट करा" म्हटलं तर कोणी ढुंकून बघत नाही, कारण काय अपडेट करायचं ते शोधायला कुणाला वेळ आहे. माजी विद्यार्थी असाल तर एवढं बंधन नाही, पण प्रेम आडवं येतं हे लक्षात ठेवा. माझं आलंच होतं.

आता मुख्य काम, सफाई. असं वाक्य तुम्हाला जवळपास प्रत्येक विद्यापीठाच्या पानावर सापडेल: "हे विद्यापीठ देशातील सर्वात प्रतिष्ठित व अग्रगण्य विद्यापीठांपैकी एक असून येथे दर्जेदार शिक्षणाची गौरवशाली परंपरा आहे व विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी अत्याधुनिक सुविधा उपलब्ध आहेत." यातलं प्रत्येक विशेषण खोडत जा आणि काय उरतं बघा. उरतं, "हे विद्यापीठ आहे". म्हणजे चोवीस शब्द खर्चून माहिती शून्य. माझी युक्ती सोपी आहे, प्रत्येक वाक्याला दोन प्रश्न विचारायचे, हे कोण म्हणतं आणि कधी म्हणालं. "प्रतिष्ठित" कोण म्हणतं? विद्यापीठच म्हणतं. मग कटाप. "अत्याधुनिक सुविधा" म्हणजे नक्की काय? वेधशाळा असेल तर वेधशाळा लिहा, कोणत्या साली सुरू झाली, दुर्बीण केवढी आहे, कुठल्या स्वतंत्र बातमीत किंवा पुस्तकात तिच्याबद्दल आलंय. "आहे" या शब्दावर पण जरा संशय ठेवा, "अमुक सालच्या वार्षिक अहवालानुसार" लिहिलं की वाक्य पाच वर्षांनी वाचलं तरी खोटं ठरत नाही, आणि "सध्या", "नुकतेच", "लवकरच" हे तीन शब्द मात्र शोधून शोधून काढा. मी एका पानावर "लवकरच सुरू होणार" असलेलं वसतिगृह पाहिलंय जे बांधून, रंग उडून, परत रंगवून झालं होतं.

स्थापनेचं साल हे सगळ्यात सोपं वाटतं आणि तिथेच सगळ्यात जास्त भांडणं होतात. कारण स्थापना म्हणजे काय यावरच एकमत नसतं. मूळ कॉलेज सुरू झालं ते साल, की कायदा किंवा सनद मिळाली ते, की पहिली बॅच बसली ते, की आत्ताचं नाव मिळालं ते? बोलोन्या विद्यापीठ १०८८ साल सांगतं, पण ते साल एकोणिसाव्या शतकात एका समितीने ठरवलं आणि १८८८ मध्ये आठशेवा वाढदिवस साजरा झाला. ऑक्सफर्डला तर स्थापनेची तारीखच नाहीये, १०९६ मध्ये तिथे कुठल्या ना कुठल्या स्वरूपात शिकवणं चालू होतं एवढंच सांगता येतं. आणि हार्वर्डचा तो पुतळा. खाली कोरलंय, जॉन हार्वर्ड, संस्थापक, १६३८. तर पुतळ्याचा चेहरा जॉन हार्वर्डचा नाही कारण त्याचं चित्रच कुठे उपलब्ध नव्हतं, तो संस्थापक नाही तर देणगीदार, आणि कॉलेज १६३६ चं. तिथले लोक गमतीने त्याला तीन थापांचा पुतळा म्हणतात. म्हणजे विद्यापीठाच्या आवारात दगडात कोरलेलं असलं तरी तपासायचं, मग ब्रोशरचं काय घेऊन बसलात. अशा वेळी माहितीचौकटीत, म्हणजे पानाच्या बाजूच्या थोडक्यात माहितीच्या तक्त्यात, एकच साल कोंबून मोकळं होऊ नका, इतिहासाच्या विभागात सरळ लिहा की अमुक साली कॉलेज म्हणून सुरुवात, अमुक साली विद्यापीठाचा दर्जा, अमुक साली नाव बदललं, प्रत्येकाला वेगळा संदर्भ. एका झटक्यात निम्मी भांडणं मिटतात.

आकड्यांचंही तसंच. विद्यार्थीसंख्या टाकताना त्यात संलग्न कॉलेजं धरलीयेत का, दूरशिक्षणवाले धरलेत का, डोकी मोजलीत की पूर्णवेळ-समकक्ष हिशोब केलाय (अर्धवेळवाल्यांना पूर्णवेळाचा भाग धरून), यावर आकडा कुठच्या कुठे जातो. म्हणून आकडा, साल आणि तो कशाचा आहे, हे तिन्ही एकत्रच टाका नाहीतर टाकूच नका. कुलपती आणि कुलगुरू यांची गल्लत पण नेहमीची, बऱ्याच ठिकाणी कुलपती हे मानाचं पद असतं आणि रोजचा कारभार कुलगुरू बघतात, पण सगळीकडे तसंच असतं असं नाही, त्यामुळे बघून लिहा.

रँकिंग हा तर वेगळाच खेळ. जगभरच्या विद्यापीठांची शांघायची यादी २००३ पासून निघते, टाइम्स आणि क्यूएस या ब्रिटनमधल्या दोन संस्था आधी एकत्र यादी काढायचे ते २०१० पासून वेगवेगळ्या काढतात, आणि प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी. लोक काय करतात, ज्या वर्षी ज्या यादीत नंबर वर होता तेवढाच उचलतात आणि पुढची दहा वर्षं तोच ठेवतात. तुम्ही असं नका करू. कुठली यादी, कुठलं वर्ष, एकूण यादी की एखाद्या विषयाची, ते लिहा, आणि नंबर खाली गेला असेल तर तोही टाका. खालच्या नंबरांना बरेचदा नेमका क्रमांक नसतोच, गट असतो, १०१ ते १५० असा, त्याचं "१०१ वा" करणारे महाभाग मी पाहिलेत. आणि रँकिंग पहिल्याच वाक्यात नको, खाली त्याच्या विभागात ठेवा.

प्रसिद्ध माजी विद्यार्थ्यांची यादी म्हणजे पानाचा माळा, कोणीही येतं आणि काहीही टाकून जातं. नियम साधा ठेवा, त्या व्यक्तीचं स्वतःचं पान हवं, किंवा ती उल्लेखनीय आहे हे दाखवणारा भक्कम संदर्भ, आणि त्याशिवाय ती तिथे शिकली याचा वेगळा संदर्भ. दुसरी अट लोक विसरतात. मानद डॉक्टरेट मिळाली म्हणजे माजी विद्यार्थी नव्हे. एखादं व्याख्यान द्यायला आले म्हणजे प्राध्यापक नव्हे. तीन महिन्यांत सोडून गेले असतील तर तसं लिहा. जिवंत माणसांबद्दल बिनसंदर्भाचं काही असेल, विशेषतः वाईट, तर "संदर्भ हवा" लावून वाट बघत बसू नका, काढून टाका.

वाद आणि गैरप्रकार, यात दोन्हीकडून ओढाताण असते. विद्यापीठाची माणसं येऊन पेपरफुटीचा परिच्छेद गुपचूप उडवतात आणि चिडलेले विद्यार्थी येऊन मेसच्या तक्रारीवर पानभर लिहितात. माझं मत असं की "वाद" नावाचा वेगळा विभाग करूच नये, तो कचराकुंडी होतो. जे घडलं ते इतिहासात त्या त्या सालात लिहा, स्वतंत्र माध्यमांनी जेवढं महत्त्व दिलं असेल तेवढ्याच लांबीत, आणि चौकशीचा निकाल लागला असेल तर तोही, आरोप टाकून निकाल न टाकणं हा लबाडपणा आहे.

संदर्भ कुठून आणायचे हे मोठं दुखणं. विद्यापीठाची स्वतःची वेबसाइट चालते, पण फक्त साध्या गोष्टींसाठी, विभाग किती, पत्ता काय, कुलगुरू कोण. कौतुकासाठी नाही. बाकीसाठी वर्तमानपत्रं, इतिहासाची पुस्तकं, विद्यापीठाचा कायदा, लेखापरीक्षण अहवाल असं काहीतरी बाहेरचं लागतं. स्वतःची आठवण हा संदर्भ नसतो, तुम्ही तिथे पाच वर्षं काढली असली तरी. आणि एक सापळा आहे त्यात मी स्वतः पडलोय. पानावर बिनसंदर्भाचं वाक्य होतं, मी शोधलं, एका वर्तमानपत्रात अगदी तेच सापडलं, खुश होऊन संदर्भ जोडला. नंतर कळलं की बातमीदाराने ते विकिपीडियावरनंच उचललं होतं. तेव्हापासून मी इतिहासात जाऊन बघतो की वाक्य पानात कधी आलं, आणि बातमी त्यानंतरची असून शब्द न शब्द तोच असेल तर तिला हात लावत नाही. लिंक मरतात हेही धरून चाला, विद्यापीठाची वेबसाइट नवी झाली की जुने सगळे पत्ते गायब, म्हणून संदर्भ टाकतानाच वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या साइटवर) पानाची प्रत जतन करून तोही दुवा द्या.

इंग्रजी पानाचं भाषांतर करून मराठीत आणत असाल तर चांगलंच आहे, विकिपीडियाचा परवाना त्याला मोकळीक देतो, पण बदल सारांशात कुठल्या पानावरून आणलं ते लिहावं लागतं. आणि यंत्राने केलेलं भाषांतर तसंच चिकटवू नका हो, "स्कूल ऑफ लॉ" चं "कायद्याची शाळा" झालेलं वाचून अंगावर काटा येतो. इंग्रजीतले संदर्भ पण उघडून बघा, त्यात खरंच ते लिहिलंय का ते. वेबसाइटवरचा मजकूर उचलायचाच नाही, शब्द इकडचे तिकडे करून पण नाही, तो प्रताधिकाराचा भंगच होतो. फोटोंचंही तेच, कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या साठ्यात, स्वतः काढलेला किंवा मुक्त परवान्याचाच फोटो टाकायचा, वेबसाइटवरून डाउनलोड केलेला नाही, आणि बोधचिन्हाचे नियम वेगळे असतात ते टाकण्याआधी वाचा. बाकी वर्ग, साचे, आंतरविकी दुवे ही कामं कोणीतरी करतंच, नाही जमलं तर सोडून द्या.

सेव्ह करताना एकदम सगळं पान बदलू नका. एक विभाग, एक सेव्ह, सारांशात एक ओळ: "स्थापनेच्या सालाला संदर्भ जोडला", "संदर्भहीन विशेषणे काढली". असं केलं की कुणाला एक गोष्ट पटली नाही तर तो तेवढीच उलटवतो, तुमचं सगळं काम जात नाही. मोठा बदल आधी धूळपाटीवर, म्हणजे सरावासाठीच्या पानावर, करून बघा. आणि उलटवलं तर परत उलटवू नका, चर्चा पानावर विचारा. इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं तर खातं अडवलं जाऊ शकतं, आणि तुमचं बरोबर असलं तरी त्याने फरक पडत नाही.

शेवटी पान निरीक्षणसूचीत टाकून ठेवा म्हणजे त्यातले बदल दिसत राहतात, चांदणीवर एक क्लिक. कुलगुरू बदलले की बघा काय धमाल येते, सकाळपासून पाच जण पाच स्पेलिंगने नवं नाव टाकतात, त्यातलं एखादं नुसतं चर्चेतलं असतं, आणि प्रभारींना कुणी कायम करून टाकतं. अधिकृत नियुक्तीची बातमी येईपर्यंत जुनंच नाव राहू द्या, आणि मग नाव टाकताना सोबत रुजू होण्याची तारीख टाका.